केदारनाथची ओळ

मल्लिनाथअप्पा मेनकुदळे माझ्या दारात चप्पल काढून उभे राहिले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते आणि बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. मे महिन्यात या वेळेला सिरसाळ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अप्पांचं बाजारपेठेत सरकी-पेंडीचं दुकान आहे. ते कुणाकडे जात नाहीत, लोक त्यांच्याकडे येतात. मी घाईघाईने सदरा अंगात घातला आणि पंख्याखाली खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत.

"सर, एक काम व्हतं. तुमच्याबिगर कुणाला जमणार न्हाई."

"बसा तर आधी."

"बावीस तारखेला केदारचं वर्ष व्हतंय. समाधीवर पाटी बसवायची हाय. परळीचा कारागीर ग्रॅनाइट घेऊन बसलाय. नाव कोरून झालं, जन्म-मृत्यूची तारीख झाली. खाली एका ओळीची जागा ठिवलीय. ती ओळ तुमी काढून द्यायची."

"कसली ओळ, अप्पा?"

"ज्याच्यावर समदे कॉम्प्युटर चालतेत ना, त्याच्यात केदारचं नाव हाय. त्यानं मला सांगितलंतं. ती ओळ जशीच्या तशी पायजे, इंग्रजीत."

मग ते बसले. मी पाणी आणायला आत गेलो.

केदारनाथ त्यांचा एकुलता एक. आठवीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. गणित मीच शिकवलं, आणि शाळेतल्या बंद पडलेल्या सहा कॉम्प्युटरांतले दोन त्यानंच चालू केले. पुढे अंबाजोगाईला बीएस्सी कॉम्प्युटर केलं. नोकरी काही लागली नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत जुना, सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दोन-अडीच वर्षं बसून होता. लोकांना वाटायचं पोरगं वाया गेलं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू! गेल्या मे महिन्यात पुण्याहून मुलाखत देऊन येताना मांजरसुंब्याच्या घाटात त्याची ट्रॅव्हल्स उलटली. लॅपटॉप मांडीवर होता म्हणे. लॅपटॉपचे तुकडे पोलिसांनी पिशवीत घालून दिले. केदारनाथ चोवीस वर्षांचा होता.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. अप्पांनी आपल्या शेताच्या बांधावर त्याला समाधी दिली. वर्षभर ती नुसती मातीची होती, आता तिच्यावर ओटा बांधायचा आणि पाटी बसवायची होती.

"लोक इचारतेत सर," अप्पा म्हणाले. "मी दुकानात समद्यास्नी सांगितलेलं हाय, केदारचं नाव जगातल्या मशिनीत हाय म्हणून. बजरंग टेम्पोवाला म्हणला, अप्पा, माझ्या मोबाइलात दिसंना की वो. हसले समदे. हसू द्या. पर एकदा दगडावर आली ओळ, की कोण हसतंय बघू."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? बाप दारात उभा राहून पोराचं नाव शोधून द्या म्हणतो, तेव्हा सुट्टी आहे, ऊन आहे, मला त्यातलं कळत नाही, असलं काही तोंडातून निघत नाही. खरं म्हणजे मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मी गणिताचा मास्तर. कॉम्प्युटर शिकवायला दुसरा कुणी नाही म्हणून माझ्या गळ्यात पडलेला.

आधी थोडं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारी व्यवस्था, आणि कर्नल म्हणजे तिचा गाभा. केदार जिच्यात रमला होता ती फुकट मिळते. जगभरातली हजारो माणसं मिळून ती लिहितात, आणि तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेला मजकूर, कुणालाही उघडून वाचता येतो. तिचं नाव मी अप्पांना तीनदा सांगितलं, तीनदा ते विसरले, म्हणून इथंही राहू द्या.

तो सगळा मजकूर मी मोबाइलच्या नेटवरून उतरवून घेतला. त्यात एक दिवस गेला, कारण निम्म्यावर आलं की लाइट जायची. उघडून बघतो तर ऐंशी हजारांवर फायली! ओळी किती ते मोजायचं मी सोडून दिलं. ग्रेप नावाची एक आज्ञा असते. तिला एक शब्द द्यायचा, ती सगळ्या फायली धुंडाळते आणि तो शब्द असलेल्या ओळी समोर मांडते. मी तिला 'मेनकुदळे' दिलं. माझा कॉम्प्युटर दहा मिनिटं घरघरला आणि काहीही न दाखवता गप्प झाला.

'केदारनाथ' देऊन पाहिलं. काही नाही. नुसतं 'केदार' दिलं तर एक-दोन निघाले, पण आडनावं आणि पत्ते निराळे. भारतातली नावं ढिगानं होती. नावांवरून हैदराबादकडची, बंगळूरकडची, पुण्याचीही दिसत होती. बीड जिल्ह्यातलं वाटावं असं एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. तिसऱ्या दिवशीही आले. रोज साडेबाराला, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. विचारायचे नाहीत. खुर्चीत बसून माझ्या स्क्रीनकडे बघत राहायचे. काळ्यावर पांढरी अक्षरं वर सरकत जायची आणि त्यांना वाटायचं, मी वाचतोय. मी वाचत होतोही. ग्रेप हरली म्हणून मी हट्टाने एकेक फाइल उघडायला लागलो होतो. ऐंशी हजार फायली नऊ दिवसांत! गणिताच्या माणसाला एवढा भागाकार कळू नये? पण हातावर हात ठेवून बसवत नव्हतं.

एक मात्र झालं. मला वाटलं होतं, हा मजकूर म्हणजे नुसता यंत्राशी केलेला रुक्ष व्यवहार असेल. पण ओळींच्या मध्ये माणसांनी एकमेकांसाठी टिपणं लिहून ठेवलेली होती. 'हे असं व्हायला नको, पण होतं.' 'इथं हात लावण्याआधी मला विचारा.' एकानं तर सरळ लिहिलं होतं की हे का चालतं ते मला माहीत नाही. मला हसू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, असल्या कामाला लागणारी माणसं सगळं जाणून असतात. केदार हे वाचायचा तेव्हा त्यालाही हसू येत असेल का, असं मनात आलं, आणि मग मला पुढचं वाचवेना.

सहाव्या दिवशी मी हार मानली आणि उज्ज्वलाला फोन लावला. ती केदारच्याच बॅचची, आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. मी तिला सगळं सांगितलं.

"सर, नाव तिथं नसतंच बहुतेक वेळा. सोर्समध्ये नुसता कोड असतो. कुठली ओळ कुणी घातली त्याचा इतिहास वेगळा ठेवतात. तुम्ही सहा दिवस हे करत होता?"

"हो."

"मला आधी का नाही विचारलं, सर?"

उत्तर सोपं होतं. ती माझी विद्यार्थिनी, आणि विद्यार्थिनीला विचारायची मला लाज वाटली. मी म्हणालो, नंबर सापडत नव्हता.

तो इतिहास तिनं स्वतःच शोधला. माझ्या नेटवर तो आठवडाभरातही उतरला नसता. संध्याकाळी तिचा फोन आला. केदारनाथ मेनकुदळे नावानं एकही नोंद नव्हती. "त्यानं बदल पाठवला असेल, पण घेतला गेला नसेल, सर. हे लोक बदल मेलनं पाठवतात, एका सामायिक यादीवर, म्हणजे त्या कामातल्या सगळ्यांना एकदम. ते सगळे मेल जपून ठेवलेले असतात, कायमचे. मी लिंक पाठवते, तिथं नाव टाकून बघा."

सकाळी मी नाव टाकलं. पाच मेल निघाले.

खरं सांगतो, मी उठून उभा राहिलो. केदारनाथ मेनकुदळे, इंग्रजी अक्षरांत, पूर्ण नाव, तारीख, वेळ. पोरगं खोटं बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तसाच अप्पांकडे पळावं असं वाटलं, पण आधी वाचून घेऊ म्हणून खाली बसलो.

पहिला मेल केदारचा होता, सव्वादोन वर्षांपूर्वीचा. त्याच्या लॅपटॉपसारख्या एका जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीची फाइल होती, तिच्यातला बदल त्यानं पाठवला होता. इंग्रजी मोडकंतोडकं, पण सांगणं स्वच्छ. 'माझ्या गावात वीज एका सेकंदाच्या आत जाते आणि परत येते, दिवसातून पुष्कळ वेळा. त्या क्षणी बॅटरीला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. कोड थांबत नाही. बॅटरी शून्य आहे असं धरतो आणि लॅपटॉप बंद करतो. बॅटरी खरं तर भरलेली असते. मी दोन ओळी घातल्या आहेत. थोडं थांबावं आणि परत विचारावं.'

मी ते तीनदा वाचलं. सिरसाळ्यात ज्यानं एक उन्हाळा काढलाय, त्याला याची साक्ष काढायची गरज नाही. पापणी लवायच्या आत लाइट जाते आणि येते, पंखासुद्धा थांबत नाही. ही चूक पकडायला सिरसाळ्याचाच माणूस हवा होता. जिथं लाइट जातच नाही तिथल्या माणसाला ती दिसणार कुठून?

दुसरा मेल मेंटेनरचा. प्रत्येक फाइलला एक राखणदार असतो, त्याच्या होकाराशिवाय तिच्यात काही बदलत नाही. त्याला मेंटेनर म्हणतात. हा कुठल्याशा थंड देशातला दिसत होता. त्यानं एवढंच लिहिलं होतं: 'तुझी नक्की खात्री आहे का? वीज एका सेकंदात जाऊन परत येते? तू हे कसं तपासलंस?'

तिसरा मेल केदारचा. मधे अकरा मिनिटं गेली होती.

'Sorry sir. My mistake. Please ignore.'

चौथा मेल मेंटेनरचा, दुसऱ्या दिवशीचा. 'माफी मागण्यासारखं काही नाही. मी विचारलं, कारण मला माहीत नाही. माझ्याकडे वीज जात नाही, त्यामुळे मला हे करून बघता येत नाही. मला वाटतं तुझं बरोबर असावं. तू काय पाहिलंस ते जरा सविस्तर लिहितोस का?'

पाचवा, तीन आठवड्यांनंतरचा, तोही मेंटेनरचाच. 'केदारनाथ, आहेस ना?'

त्यापुढे काही नव्हतं.

मी पंखा बंद केला. का केला ते माहीत नाही. त्याचा आवाज सहन होईना. मला ती अकरा मिनिटं दिसत होती. त्या परक्या माणसानं साधा प्रश्न विचारला होता. पण केदारला तो प्रश्न म्हणून ऐकूच आला नसणार. आमच्याकडे मोठ्या माणसानं 'नक्की का?' विचारलं की त्याचा अर्थ एकच असतो: चुकलास, खाली बस. आणि हा अर्थ पोरांच्या अंगात कुणी भिनवला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझी ती पद्धतच होती. फळ्यावर गणित सोडवायला पोरगं उभं करायचं, उत्तर आलं की छडी टेबलावर आपटून विचारायचं, "नक्की का रे?" चुकलेला तर पुसायचाच, बरोबर असलेलाही पुसायचा. सगळा वर्ग हसायचा. मी म्हणायचो, आत्मविश्वास तपासतोय. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी ही गोष्ट कौतुकानं सांगत आलोय, सत्कारात, निरोप समारंभात. केदार आठवीत असताना त्यानं एक समीकरण माझ्याहून सोप्या रीतीनं सोडवलं होतं. मी विचारलं, "नक्की का?" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तळहातानं सगळं गणित पुसून टाकलं. "चुकलं, सर." ते बरोबर होतं. मला दिसत होतं बरोबर आहे म्हणून. मी त्याला बस म्हणालो आणि माझ्या रीतीनं ते गणित फळ्यावर सोडवून दिलं.

चौथा मेल त्यानं उघडलाच नसेल. सायबाचा परत मेल आला म्हणजे आता शिव्याच असणार, असं वाटलं असेल त्याला. मलाही तसंच वाटलं असतं. मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली की मी अजूनही ती दुपारपर्यंत उघडत नाही.

मी उज्ज्वलाला फोन केला. माझा आवाज चढलेला होता. "आता पाठवू आपण! त्याच्याच नावानं. त्या दोन ओळी आहेत, कारण आहे, मी स्वतः तपासून देतो. लाइट तर रोज जातेय. घेतील ना?"

"बघते, सर."

तासाभरानं तिचा फोन आला, आणि तिच्या नुसत्या 'सर' म्हणण्यावरून मला कळलं.

"सर, ती फाइलच काढून टाकली त्यांनी. या मार्चमध्ये. जुनी मशीन, कुणी सांभाळायला नाही. तो मेंटेनरही निवृत्त झालाय. काढताना कारण लिहिलंय: ही फाइल कुणी वापरत असल्याचं दिसत नाही. दोन वर्षांत एकच माणूस हिच्याबद्दल बोलला, आणि त्यानंही आपलं म्हणणं मागं घेतलं."

"तो एकच माणूस म्हणजे..."

"हो, सर."

या मार्चमध्ये मी दहावीचे पेपर तपासत होतो.

त्या दिवशी अप्पा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. आतून बायकोला सांगायला लावलं, सर परळीला गेलेत. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मनात नाही नाही ते येत होतं. एक खोटी ओळ तयार करायला मला पाच मिनिटं लागली असती. इंग्रजीत त्याचं नाव, पुढे दोन-चार खुणा, चिन्हं; सिरसाळ्यात कोण तपासणार होतं? मी ती कागदावर लिहिलीही. छान दिसत होती. मग फाडून टाकली. या पोराचं एकदा खरं पुसलं होतं, आता त्याच्या छातीवर खोटं कोरायचं, एवढा निगरगट्ट मी अजून झालो नव्हतो.

एकोणीस तारखेला मीच दुकानात गेलो. अप्पा गादीवर बसले होते. शांतादेवी, त्यांच्या पत्नी, आतल्या दाराशी सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. केदार गेल्यापासून त्या फारशा बोलत नाहीत.

"अप्पा," मी म्हणालो, "नाव त्याच्यात नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे पोरगं खोटं बोललं?"

"नाही, नाही. त्यानं शोधून काढलेलं खरं होतं. त्याचं सगळं बरोबर होतं. त्यानं ते पाठवलं, तिकडच्या मोठ्या माणसानं त्याला विचारलं, नक्की का म्हणून. आणि हा म्हणाला, माझं चुकलं, सोडून द्या."

"बरोबर व्हतं तर चुकलं कावून म्हणला?"

इथवर मी कसाबसा आलो होतो. "मी शिकवलं त्याला तसं," मी म्हणालो. "वर्गात. बरोबर उत्तर दिलं तरी मी त्याला दरडावायचो. माझ्यामुळं झालं, अप्पा. माझी चूक आहे."

मला वाटलं, अप्पा आता शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, तुमची चूक कशी आसंल? तुमी गुरू. तुमी लई मनाला लावून घ्यायलेत." आणि मग हळूच म्हणाले, "मोठ्या माणसाला उलट बोललं न्हाई पोरगं. संस्कार हायत. आमीबी घरी तेच सांगत आलो."

"अप्पा, तसं नाही..."

"ते सॉरी म्हणलेलं, ते हाय का तिथं? त्याच्या नावानं?"

"हो."

"कुणालाबी दिसतं? समद्या जगाला?"

"हो."

"पुसून जाणार न्हाई?"

"नाही. ते कायमचं आहे."

अप्पांनी गादीखालून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढं धरलं. "मंग तेच द्या लिहून. जशीच्या तशी. केदारचीच ओळ हाय ना ती."

मी त्यांना समजावलं. पुष्कळ समजावलं. म्हणालो, अप्पा, ही ओळ म्हणजे त्यानं आपल्या हातानं आपलं काम बुडवलं ती ओळ आहे. ही सोडून त्याच्या मेलमधलं दुसरं काहीही घ्या, थोडं थांबावं आणि परत विचारावं, हे घ्या, ते त्याचं खरं काम आहे. अप्पा म्हणाले, त्याच्यातलं कुणाला काय कळणार, सर? यात 'सॉरी' हाय, 'सर' हाय, गावातल्या शेंबड्या पोरालाबी कळंल की पोरगं कसं व्हतं. आणि पुन्हा पेन पुढं केलं. शेवटी मी चिडलो, म्हणालो, मी लिहून देणार नाही. तेव्हा त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले. पंचाहत्तरीचा माणूस, ज्याच्या दुकानाच्या पायरीवर गाव बसतं, तो मला म्हणाला, "सर, दुसरं काय हाय माझ्याजवळ त्याचं?"

मी लिहून दिलं.

बावीस तारखेला सकाळी आठलाच ऊन चढलं होतं. शेतात बांधावर लहानसा मांडव घातला होता. जंगमस्वामींनी पूजा केली, विभूती लावली, बेल वाहिला. शंभरेक माणसं असतील. बजरंग टेम्पोवालाही आला होता, डोक्याला रुमाल बांधून. अप्पांनी पाटीवरचं कापड काढलं. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. वर नाव, तारखा, आणि खाली ती ओळ.

"सर, तुमीच वाचा," अप्पा म्हणाले. "तुमी शोधलीय."

मी पुढं झालो आणि वाचलं. सॉरी सर. माय मिस्टेक. प्लीज इग्नोअर. वर्गात वाचतात तसं, स्पष्ट आणि मोठ्यानं. माझा आवाज अजिबात कापला नाही, याची मला नंतर किती तरी दिवस शरम वाटली. माणसांतून कुणीतरी म्हणालं, लई नम्र व्हतं पोरगं. बजरंगनं रुमाल काढून हातात घेतला. अप्पांची मान वर्षभरात पहिल्यांदा ताठ दिसली.

माणसं जेवायला मांडवात सरकली. शांतादेवी तिथंच राहिल्या. त्यांनी पदरानं पाटीवरची विभूतीची धूळ पुसली, मग एका अक्षरावर बोट ठेवून मला विचारलं, "सर, त्यो सॉरी कुणाला म्हणलाय?"

सांगता आलं असतं. तिकडे दूर एक साहेब आहेत, त्यांना. पण ही पाटी सिरसाळ्याच्या शेतात उभी होती, आणि तिच्यासमोर सर म्हणून मी एकटाच होतो.

"मला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं त्यांचं बोलून. मी वळणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मंग तुमी काय म्हणले त्याला?"

"काही नाही म्हणालो," मी म्हणालो. "बस म्हणालो."